मास्तर कधी बदलतात?

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, नवीन कर्जाची मागणी हे सगळं उरकलं की गोष्ट पोरांच्या शाळेवर येतेच. एक ताई म्हणते, "नव्या मॅडम पोरांना खाली बसवून चिंचोके मोजायला लावतात, हा काय अभ्यास झाला?" दुसरी म्हणते, "आमच्या गावचे सर वर्षानुवर्षं तेच उत्तर फळ्यावर लिहून देतात अन् पोरं उतरवून घेतात, नवीन काही नाही." म्हणजे मास्तर बदलले तरी आपली कुरकुर, नाही बदलले तरी कुरकुर.

शाळेत नवीन काही आलं की शिकवणारी माणसं त्याला हो कधी म्हणतात आणि नाही कधी म्हणतात, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो पावणेदोनशे वर्षांपासून चालत आला आहे. आज मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत पुणे आहे, वर्धा आहे, कोसबाडची टेकडी आहे आणि शेवटी आपल्या गावची शाळाही आहे.

सरकारी शाळा येण्याआधी गावोगाव पंतोजींच्या शाळा असायच्या. कोणाच्या वाड्यात, नाहीतर देवळाच्या ओसरीवर. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं. मोडी लिहायची, पावकी, निमकी, दिडकी घोकायची. चुकलं की छडी. पंतोजीला सरकारी पगार नव्हता. पोरांचे आईबाप देतील तो पैसा, धान्य, सणावाराचा शिधा, यावर त्याचं घर चालायचं. म्हणून देणाऱ्यांना जे हवं तेच तो शिकवायचा. त्यांना हिशेब हवा होता, तो हिशेब शिकवायचा. मुलींना शिकवा, महार-मांगांच्या लेकरांना जवळ बसवा, असं देणारे म्हणत नव्हते, तर पंतोजी कशाला म्हणेल? मास्तर कसा वागतो हे पाहायचं असेल तर त्याला कोण जबाबदार धरतं आणि कोण पाठिंबा देतं, ते आधी पाहावं लागतं.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंवर शेण आणि खडे फेकले गेले, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. पण एक गोष्ट भाषणात राहून जाते. सावित्रीबाई आधी स्वतः शिकल्या, मग शिकवायचं कसं याचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलं, आणि मग वर्गात उभ्या राहिल्या. त्यांच्या शाळेत नुसती बसणारी मुलं बदलली नव्हती, शिकवण्याची रीतही बदलली होती. त्याचा पुरावा आहे मुक्ता साळवे. मांग समाजातली चौदा वर्षांची ही मुलगी तीन वर्षं शाळेत शिकली आणि तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ज्ञानोदयमध्ये छापून आला. नुसत्या घोकंपट्टीनं असा निबंध होत नाही. पोरीला स्वतःचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडता आला, कारण तिला तसं शिकवणारं कोणीतरी भेटलं होतं.

पुढे १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. त्या काळी आपला वाशीम वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. तर या आयोगापुढे जोतिबांनी निवेदन दिलं. त्यात मास्तरांविषयी जे सांगितलं ते आजही लागू पडतं. मास्तर प्रशिक्षित असावा. शक्य तिथे तो शेतकरी, कष्टकरी घरातला असावा, म्हणजे नांगर किंवा सुताराचं हत्यार हातात धरायला त्याला लाज वाटणार नाही. गावच्या शाळेत लिहिणं, वाचणं, हिशेब यांच्यासोबत शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान मिळावं. आणि मास्तराचा पगार महिन्याला १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात १५ ते २० असावा.

जोतिबांनी मास्तरांवर टीका केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मास्तर बदलावा असं वाटत असेल तर तो कोणत्या घरातून येतो, त्याला काय शिकवलं जातं आणि त्याच्या हातात काय पडतं, हे सगळं बदला, असं त्यांनी सांगितलं. उपाशी आणि गावाशी नातं नसलेल्या माणसाकडून नवीन कामाची अपेक्षा धरू नका, हा त्याचा अर्थ.

आता पन्नास-पंचावन्न वर्षं पुढे या आणि आपल्या विदर्भात या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला देशभरातल्या शिक्षणाच्या जाणकारांची परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं जी योजना दिली तिला लोक वर्धा योजना, नई तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण म्हणू लागले. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही आईच्या भाषेत. आणि सगळ्यात नवीन गोष्ट म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण. सूत कातणं, शेती, सुतारकाम यांतून गणित, भूगोल, विज्ञान शिकवायचं. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा काही खर्च निघावा, असाही विचार होता.

तायांनो, वऱ्हाडात तर हे फार सोपं जायला हवं होतं. कारंजा, अकोला ह्या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा. पऱ्हाटी, सरकी, रुई हे आपल्या घरातले शब्द. एका मुठीतल्या कापसात केवढं शिक्षण आहे बघा. किलोभर कापसात सरकी किती, रुई किती, हे वजन-मापाचं गणित. सूत किती हात निघालं, ही लांबी. काळ्या जमिनीतच पऱ्हाटी का जोर धरते, हा भूगोल. आपला कापूस विलायतेला का गेला आणि तिथलं कापड आपल्याकडे का आलं, हा इतिहास. चांगल्या मास्तराच्या हाती हे पडलं असतं तर पोरांनी वर्गातून उठायला नको म्हटलं असतं.

सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या पती-पत्नीनं हे मनापासून करून दाखवलं. त्याच काळात मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या सरकारात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावानं शाळेला जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि हे काम मागे पडलं. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण पुन्हा सरकारी धोरण झालं. शाळांना नवीन नावं मिळाली. काही जुन्या शाळांच्या भिंतीवर "जीवन शिक्षण" हे शब्द अजून दिसतात, ते त्याच काळाचे.

नाव बदललं, पण वर्ग बदलला का? बहुतेक ठिकाणी नाही. १९५६ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं पाहणी केली तेव्हा मूलोद्योगी म्हणवणाऱ्या अनेक शाळांत त्या नावाचं खरं काम फारसं नव्हतं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं पुढे "कार्यानुभव" हा शब्द आणला. आपल्यातल्या पुष्कळ जणींना कार्यानुभवाचा तास आठवत असेल. कागदाची फुलं केली, मार्क मिळाले, संपलं.

मग काय मास्तर आळशी होते? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. ज्या मास्तरानं आयुष्यभर पुस्तकातून शिकवलं, तो स्वतःही तसाच शिकला होता. त्याला थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन सांगितलं की आता टकलीवर गणित शिकव. टकली कशी फिरवायची हे शिकवलं, पण टकलीतून गणित कसं काढायचं हे शेजारी बसून कोणी दाखवलं नाही. वरून सुताची नोंद ठेवायची वही आली. तपासायला आलेला साहेब पोराला काय समजलं हे विचारण्याऐवजी सूत किती निघालं हे विचारू लागला. पुढची हायस्कुलं आणि त्यांच्या परीक्षा जुन्याच राहिल्या. मग मास्तरानं सूत कातण्याचा एक तास वेगळा ठेवला आणि बाकीचा दिवस पूर्वीसारखाच शिकवलं.

आणि आपले आजे-पणजे काय म्हणाले? राबायचंच असेल तर घरी काय कमी काम आहे, पोराला शाळेत अक्षर शिकायला धाडतो, असं म्हणाले. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. ज्यांच्या सात पिढ्यांना लेखणी मिळाली नव्हती त्यांना पोराच्या हातात लेखणीच हवी होती. हातकामातून लेखणीही येते हे त्यांना कोणी करून दाखवलं नाही. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आजही काम करत शिकवते. विचार मेला नाही, पण हुकुमानं तो गावोगावी पोचू शकला नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त जवळची वाटते, कारण ती दोन बायांची आहे. पहिल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या अमरावतीला होत्या. पुढे संसार मोडला. लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मोठी नोकरी, मोठा पगार. तेवढ्यात भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे शिक्षक लहान मुलांना मारझोड न करता, खेळातून, इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंच्या पद्धतीनं शिकवतात असं त्यांना कळलं. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि भावनगरच्या बालमंदिरात त्या शिकायला आणि काम करायला गेल्या. दुसऱ्यांना मास्तरीण बनवणारी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ सुरू केला.

मॉन्टेसरीची साधनं महाग होती. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांनाच ती परवडायची. ताराबाईंना हे खटकत होतं. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. महागड्या लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती. मोजायला चिंचोका काय वाईट आहे? आज आपल्या मॅडम वर्गात चिंचोके आणतात त्यामागे हा एवढा विचार आहे.

त्यांना साथ द्यायला आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. तरी शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात नोकरी करत रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. फळा, खडू, पुस्तक, परीक्षा या रीतीनं शिकवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. म्हणजे अनुताई म्हणजे आपल्या गावातल्या अनुभवी, मुरलेल्या मॅडमच समजा. त्यांनी नव्यानं शिकायला घेतलं आणि पन्नाशी उलटल्यावर बी.ए. सुद्धा केलं.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्त्यांमधली मुलं काही येईनात. नेहमीचं उत्तर काय असतं? "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." या दोघींनी ते उत्तर मानलं नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात नेऊ, असं ठरवलं. वस्तीतल्या अंगणात जाऊन त्यांनी मुलांना आंघोळ घातली, नखं कापली, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आपल्या वस्तीत खिचडीचा वास येतो त्या घराचं नाव दोन शिक्षिकांच्या विचारातून आलेलं आहे.

पुढे त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेल्या. तिथे मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र केली आणि तिला विकासवाडी नाव दिलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. पोरं गुरं राखायला जायची म्हणून शिकवणारे कुरणात गेले, ती कुरणशाळा.

तायांनो, वर्धा आणि कोसबाड इथे दोन्हीकडे विचार चांगलाच होता. फरक कुठे पडला? गावोगावच्या मास्तराला वर्ध्याचा विचार कागदावरून मिळाला. कोसबाडला शिकवणाऱ्या बाईसमोर रोज एक अडचण उभी राहत होती आणि तिला हात घालायची मोकळीक तिच्याकडे होती. मूल का आलं नाही, हे तिला स्वतःला शोधावं लागलं आणि उत्तरही तिनंच काढलं. तिथे बदल वरून लादलेला नव्हता, म्हणून तो टिकला.

आता आपल्या काळात या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. छडी बंद झाली, घोकंपट्टीच्या परीक्षेऐवजी वर्षभराचं मूल्यमापन आलं. "पोरांना धाकच राहिला नाही" असं पुष्कळ सर-मॅडम म्हणाले आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. त्याच सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वेगळ्या पद्धतीनं शिकवायला सुरुवात केली. मूल ऐकून नाही, करून शिकतं, याला ज्ञानरचनावाद म्हणतात. फरशीवर अंक, अक्षरं, रेषा; मुलं गटात बसून काड्या, मणी, कार्डं मांडतात. महाराष्ट्रातले शिक्षक गाड्या करून कुमठ्याला बघायला गेले. २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा सरकारी आदेश निघाला.

शेतात आपण काय करतो? सोयाबीन सरीवर पेरा, पाणी मुरतं आणि निचराही होतो, असं कृषी सहायक कितीही सांगो, शेजारच्या धुऱ्यावरून पीक बघितल्याशिवाय आपण पेरत नाही. मास्तरांचंही तसंच आहे. ज्यांनी कुमठ्याचा वर्ग डोळ्यांनी पाहिला, परत येऊन दोन-चार जणांनी मिळून प्रयत्न केला, त्यांच्या शाळा बदलल्या. आणि जिथे फक्त आदेश पोचला तिथे फरशी रंगली आणि पोरं त्या रंगीत फरशीवर बसून फळ्यावरचं उत्तर उतरवत राहिली. टकलीचीच गोष्ट पुन्हा झाली.

मग यात आपण बाया कुठे बसतो? कायद्यानंच आपल्याला बसवलंय. शाळा व्यवस्थापन समितीत चारपैकी तीन सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा असतो. पण आपण काय करतो? शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, आपण सही करतो, चुलीवरचं पिठलं करपू नये म्हणून लगेच आत पळतो. पंतोजीच्या काळी शाळेला पैसा देणाऱ्यांनी काय शिकवायचं ते ठरवलं. आज ते ठरवण्यात आपला हक्काचा वाटा आहे आणि तो आपण दारातच सोडून देतो.

या इतिहासातून समितीच्या बैठकीत विचारायला तीन प्रश्न मिळतात. पहिला, मॅडम, ही नवीन पद्धत तुम्हाला कोणी करून दाखवली का? नसेल तर जवळच्या चांगल्या शाळेत एक दिवस जाऊन या, आपण ठराव करू. दुसरा, तुमचा वेळ कशात जातो? जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत सोडली तर शिक्षकांना शाळेबाहेरची कामं लावू नयेत, हे त्याच कायद्यात आहे. मोबाईलवर माहिती भरण्यात दुपार जात असेल तर तेही विचारा आणि वर लिहून कळवा. तिसरा, कोणतं मूल येत नाही आणि का येत नाही? मानोरा, मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरून आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा लेकरू कोणाजवळ राहतं? घरी गोरमाटी बोलणारं पहिलीतलं पोर वर्गात गप्प बसतं ते मठ्ठ म्हणून, की भाषा कळत नाही म्हणून? तांड्यावरची आपल्या गटातली एखादी ताई आठवड्यातून दोनदा वर्गात बसून गोष्ट सांगू शकेल का?

आणि आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. मॅडमनी चिंचोके काढले तर पहिल्याच आठवड्यात "अभ्यास कधी घेता?" म्हणून दारात उभं राहू नका. वर्गात जाऊन बसा, अर्धा तास बघा. पोराला घरी विचारा, बारा चिंचोके तिघांत कसे वाटशील? त्याला ते हातानं वाटता आलं, तर भागाकार आला. तीन महिन्यांनी काहीच आलं नाही तर मग खुशाल भांडा, आणि समितीत भांडा.

गटाचा हिशेब वहीतून मोबाईलवर गेला तेव्हा आपणही कुरकुर केली होती. ज्या गटात कोणी शेजारी बसून दोन-तीन महिने मदत केली, तिथल्या अध्यक्ष-सचिव आज स्वतः नोंदी भरतात. जिथे नुसती तारीख सांगितली तिथे अजून दुसऱ्याच्या पोराला बोलवावं लागतं. मास्तरही माणसंच आहेत, त्यांनाही तसाच वेळ आणि तशीच सोबत लागते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय ग्रामसंघाच्या अजेंड्यावर घ्या. आपल्या गावच्या शाळा समितीत कोणत्या ताया आहेत त्यांची नावं फळ्यावर लिहा, मागची बैठक कधी झाली ते त्यांना विचारा. आणि पुढच्या बैठकीला त्यांच्या सोबतीला दोघी जणी जा.